केकच्या कृतींत मापे ग्रॅममध्ये द्यावीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत केक, कपकेक आणि कुकीज यांच्या कृती आता थालीपीठ-पुरणपोळीच्या बरोबरीने येऊ लागल्या आहेत, याचा आनंद आहे. मात्र त्यांतील मापे अजूनही ‘एक वाटी’, ‘एक चमचा’, ‘थोडा सोडा’ अशीच असतात, आणि ओव्हनमध्ये भाजायच्या पदार्थाला तेवढ्याने भागत नाही. अशा कृतींत वजन ग्रॅममध्ये, चमच्याचे माप मिलिलिटरमध्ये आणि तापमान सेल्सिअसमध्ये द्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका पुरवणीत आलेली बिनअंड्याच्या आंबा कपकेकची कृती आम्ही घरी जशीच्या तशी करून पाहिली. दीड वाटी मैदा, एक कप आमरस, रंगासाठी चिमूटभर हळद आणि ‘एक चमचा सोडा’ असे साहित्य होते. ओव्हनमध्ये ठेवल्यावर थोड्याच वेळात मिश्रण कागदी कपांच्या कडांवरून ओघळू लागले, आणि बाहेर काढेपर्यंत प्रत्येक कपकेक मध्यभागी बशीसारखा खाली बसला. पिवळ्याधमक रंगात जागोजागी तांबडे ठिपके उमटले होते आणि आमरसाच्या गोडीमागून जिभेवर साबणाची चव येत होती. मुलांनी कडेकडेचे खाल्ले, मधला भाग तसाच ठेवला.

याचे कारण त्या एका ओळीत आहे. खायचा सोडा हा बेकिंग पावडरच्या तिपटी-चौपटीने प्रभावी असतो. एक कप मैद्याला तो पाव टीस्पून पुरतो, तर बेकिंग पावडर साधारण एक टीस्पून लागते. शिवाय सोड्याला दही, ताक, लिंबू किंवा फळाच्या रसासारख्या आंबट पदार्थाची जोड लागते. आंबटपणा संपल्यावर जो सोडा उरतो, त्याचा उष्णतेने धुण्याच्या सोड्यासारखा क्षार होतो आणि साबणाची चव येते ती त्याचीच. तांबडे ठिपकेही त्याच उरलेल्या सोड्याचे, कारण क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही तर असेच लाल डाग पडतात, हे ढोकळा करणाऱ्या प्रत्येकीने पाहिलेले असते. फुगून आलेला कपकेक बसला तोही जास्तीच्या वायूमुळे, कारण मैद्याची जाळी घट्ट होण्याआधीच बुडबुडे फुटून गेले. त्या कृतीत ‘सोडा’ लिहिताना बेकिंग पावडर अभिप्रेत होती की पाव चमच्याऐवजी एक चमचा छापला गेला, हे वाचकाला कळण्याचा काही मार्ग नाही.

चमचा कोणता, हाही प्रश्न आहेच. टीस्पून पाच मिलिलिटरचा, टेबलस्पून पंधराचा. आपल्याकडे पोह्याचा चमचा निराळा आणि मसाल्याच्या डब्यातला निराळा. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानचा २०० चा. एकच कप मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर सुमारे १२० ग्रॅम भरतो आणि पिशवीत बुडवून दाबून घेतला तर १५० पर्यंत जातो. काही कृतींत तर ‘३५० अंशांवर भाजा’ एवढेच असते. हा आकडा फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअस. घरोघरीच्या बहुतेक ओटीजीचे, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनचे, बटण २५० सेल्सिअसच्या पुढे जातच नाही.

आपला स्वयंपाक अंदाजाने चालतो आणि उत्तम होतो, हे मला मान्य आहे. आमटी चाखून त्यात गूळ घालता येतो, भाकरीचे पीठ हाताला कोरडे लागले तर पाण्याचा हबका मारता येतो. कपकेक एकदा ओव्हनमध्ये गेला की त्याला हात लावता येत नाही, म्हणून त्याचा हिशोब आधीच पक्का हवा. देशात मेट्रिक वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला. मैद्याची पिशवी, साखरेचा पुडा आणि लोण्याचा खोका यांवर वजन ग्रॅम-किलोग्रॅममध्येच छापलेले असते. साधा डिजिटल काटाही आता अनेक घरांत आहे. हापूसचा रस, लोणी आणि घरातल्या सगळ्यांची दुपार एका मोघम ओळीपायी वाया जाऊ नये.

म्हणून कृती छापण्यापूर्वी ती साध्या घरगुती ओटीजीत एकदा करून पाहावी, सोडा की बेकिंग पावडर हे स्पष्ट लिहावे आणि साच्याचा आकार व तो कितपत भरायचा तेही सांगावे. कृतीत चूक राहिल्याचे लक्षात आले तर पुढच्याच अंकात ठळक दुरुस्ती द्यावी, कारण ही कात्रणे वहीत चिकटवून पुढे अनेक वर्षे वापरली जातात.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे