भूल देणाऱ्या नर्सची डॉक्टरेट कोणत्या यादीत? अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

डे मॉइन, आयोवा
डिसेंबर 2025

मा. श्रीमती लिंडा मॅकमॅहन,
शिक्षणमंत्री, अमेरिका

सादर नमस्कार.

मी आयोवातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत रात्रपाळी करणारी नर्स. मूळची सांगली जिल्ह्यातली. याच मजकुराचं इंग्रजी पत्र आपल्या खात्याकडे वेगळं पाठवलं आहे. तरी मराठीत लिहिते आहे, कारण पोटातलं बोलायचं झालं की मला हीच भाषा सुचते. शिवाय सांगली-कोल्हापूरपासून लातूरपर्यंत कितीतरी मुली दिवसभर वॉर्ड सांभाळून रात्री एनक्लेक्सचा, म्हणजे अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवायच्या परीक्षेचा अभ्यास करतायत. इथे आल्यावर पुढच्या शिक्षणाची वाट सरकारी कर्जाच्या नव्या नियमांपायी कुठे अडते आहे, हे त्यांनाही कळायला हवं.

येत्या ऑगस्टमध्ये नर्स अ‍ॅनेस्थेशियाच्या डॉक्टरेटला मला प्रवेश मिळाला आहे. भूल देण्याचं शिक्षण. आमच्या गावाकडे हे सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "म्हणजे तू डॉक्टर होणार?" भारतात भूल देतात ते डॉक्टरच, सिस्टर त्यांच्या हाताखाली मदतीला उभी असते. त्यामुळे नर्सने स्वतः भूल द्यायची ही गोष्ट तिकडे कुणाच्या डोक्यात चटकन शिरत नाही. माझ्या आईच्याही शिरली नव्हती. मी तिला अ‍ॅलिस मगॉ या बाईंबद्दल सांगितलं. मिनेसोटातल्या रोचेस्टरला मेयो बंधू या सर्जनांच्या ऑपरेशनांना या नर्स भूल द्यायच्या. जाळीवर थेंब थेंब इथर सोडत, पेशंटशी हळू आवाजात बोलत त्याला झोपवायच्या. 1906 साली त्यांनी आपल्या कामाचा हिशेब छापला. 14,000 हून अधिक वेळा भूल दिली आणि भुलीपायी एकही मृत्यू नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आता एवढं शिकायला का लागतंय?"

तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्या खात्यापर्यंत जातं. म्हणूनच हे पत्र.

नर्स अ‍ॅनेस्थेशियाच्या शिक्षणक्रमांना मान्यता देणारी जी परिषद आहे, तिने ठरवलं की 1 जानेवारी 2022 पासून या शिक्षणाला येणारी प्रत्येक विद्यार्थिनी डॉक्टरेटलाच बसली पाहिजे. आधी मास्टर्सवर काम भागत होतं, ते दार बंद झालं. आता आधी नर्सिंगची पदवी, मग आयसीयूतला किमान एक वर्षाचा अनुभव, आणि त्यानंतर पूर्ण वेळाचं तीन वर्षांचं शिक्षण. त्यात निदान 2,000 तास प्रत्यक्ष काम आणि निदान 600 केसेस. मग राष्ट्रीय परीक्षा, आणि मगच स्वतः भूल देण्याचा परवाना. डॉक्टरेट खरंच हवी होती का यावर आमच्यातही दोन तट आहेत. तिसऱ्या वर्षातलं प्रकल्पाचं लिखाण कमी करून तोच वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये द्यावा, असं मलाही वाटतं. पण माझ्या वाटण्याला इथे किंमत नाही. नियम झाला, मी तो मानला. महत्त्वाचं हे की नियम करणाऱ्या त्या परिषदेला मान्यता दिली आहे ती आपल्याच शिक्षणखात्याने.

आता दुसरी बाजू. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने ग्रॅज्युएट प्लस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज, नव्या विद्यार्थ्यांसाठी 1 जुलै 2026 पासून बंद होतं आहे. त्याऐवजी दोन मर्यादा ठरल्या. साध्या पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला 20,500 डॉलर आणि एकूण 1,00,000. 'व्यावसायिक पदवी'ला वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000. कोणती पदवी व्यावसायिक, ते ठरवायला आपल्या खात्याने समिती बसवली आणि नोव्हेंबरात 11 क्षेत्रांची यादी पुढे आली. वैद्यक, ऑस्टिओपॅथी, दंतवैद्यक, औषधनिर्माण, पशुवैद्यक, नेत्रतपासणी, पायांचे विकार, कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणक्यावर उपचार), कायदा, धर्मशास्त्र आणि क्लिनिकल सायकॉलॉजी. नर्सिंग नाही. भूल देणाऱ्या नर्सची डॉक्टरेटही नाही.

मॅडम, यादीतल्या एकाही क्षेत्राबद्दल माझी तक्रार नाही. धर्मशास्त्र शिकलेले चॅप्लिन, म्हणजे हॉस्पिटलातले धर्मोपदेशक, माझ्या आयसीयूत रात्री दोन वाजता येऊन मरणाऱ्या माणसाचा हात धरून बसलेले मी पाहिलेत. त्यांचं शिक्षण व्यावसायिक आहेच. पण त्याच खोलीत, त्याच माणसाचा श्वास मशीनवर चालू ठेवणारं शिक्षण त्या ओळीत का बसत नाही, ते मला समजत नाही.

आपल्या नियमांतली व्यावसायिक पदवीची व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली. तीन गोष्टी लागतात. त्या पेशात काम सुरू करण्यासाठीचं शिक्षण या पदवीने पूर्ण झालं पाहिजे. साध्या पदवीपेक्षा वरचं कौशल्य अंगी आलं पाहिजे. आणि सर्वसाधारणपणे परवाना लागला पाहिजे. माझी पदवी तिन्हींत बसते. तिच्याशिवाय आज नव्या माणसाला या पेशात पाऊलच टाकता येत नाही. नर्सिंगच्या पदवीने मला भूल देता येत नाही. परवाना तर लागतोच. त्या व्याख्येत जी नावं दिली आहेत ती उदाहरणादाखल आहेत आणि उदाहरणं तेवढीच नाहीत, असंही तिथेच लिहिलं आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी त्या जुन्या उदाहरणांत नव्हतं, ते समितीने यंदा घातलं. म्हणजे यादीत भर घालता येते.

खात्याचं म्हणणं मी वाचलं आहे. 'व्यावसायिक' हा शब्द फक्त कर्जाच्या हिशेबापुरता आहे, त्यात कोणाच्या पेशाची किंमत ठरवलेली नाही, असं आपण म्हणता. मला ते मान्य आहे. आम्ही मानाचं पान मागायला आलेलो नाही, कर्जाच्या हिशेबाबद्दलच बोलतो आहोत. आपण असंही म्हणता की 95 टक्के नर्सिंग विद्यार्थी मर्यादेपेक्षा कमीच कर्ज काढतात. असतीलही. पण त्यात नोकरी सांभाळून, रात्री ऑनलाइन तास करून मास्टर्स करणाऱ्या हजारो जणी आल्या. भूल शिकताना नोकरी करता येत नाही. पहाटे पाचला हॉस्पिटल, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या केसेसची तयारी, मधे ऑन-कॉल. माझ्या प्रवेशपत्रासोबत आलेल्या सूचनांत नोकरी करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे तीन वर्षं पगार शून्य. आम्ही उरलेल्या पाच टक्क्यांतल्या आहोत.

आणि एक मुद्दा आपला मी मनापासून मानते. 2006 पासून ग्रॅज्युएट प्लसला वरची मर्यादाच नव्हती, फी किती का असेना कर्ज मिळायचं, आणि फी वाढवणाऱ्यांना त्याचा धाक राहिला नाही. फी कमी झालीच पाहिजे. पण भूल शिकवणं म्हणजे मोठ्या वर्गात फळ्यावर शिकवणं नाही. एका विद्यार्थिनीच्या पाठीशी एक अनुभवी माणूस उभा असतो, तिचा हात चुकला तर क्षणात आपला हात पुढे करायला. ऑगस्टपर्यंत विद्यापीठं यातलं काय कमी करणार?

माझा हिशेब सांगते. तीन वर्षांची फी 1,40,000 डॉलरच्या घरात. साध्या मर्यादेने तीन वर्षांत मिळणार 61,500. घरभाडं, किराणा, विमा बाजूलाच ठेवला तरी 78,500 डॉलर कमी पडतात. व्यावसायिक मर्यादा लागली तर तीन वर्षांचे 1,50,000 होतात, म्हणजे फी भागून थोडे हाताशी उरतात. माझ्याच युनिटमधली मैत्रीण दुसऱ्या विद्यापीठात मे महिन्यात सुरुवात करते आहे. 30 जूनच्या आधी तिचं नाव पटावर आणि कर्ज हातात, त्यामुळे तिला जुने नियम. मी ऑगस्टवाली, मला नवे. आम्ही दोघी एकाच रात्रपाळीत, शेजारशेजारच्या खोल्यांत, तेच व्हेंटिलेटर सांभाळतो.

मग खाजगी कर्ज काढ, असं सगळेच सांगतात. काढायला गेले. फोनवरच्या मुलाने नम्रपणे विचारलं, "को-सायनर कोण आहे?" म्हणजे कर्जाला जामीन कोण. माझे वडील सांगली जिल्ह्यात एसटीत कंडक्टर होते, आता पेन्शनवर आहेत. नवरा माझ्यासारखाच नवा आलेला. मी एवढंच विचारलं, "माझा आठ वर्षांचा आयसीयूचा अनुभव धरता येईल का?" तो म्हणाला, "आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही." पुढे त्याने व्याजाचा आकडा सांगितला, तो मी कागदावर लिहून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून तिथेच आहे. खाजगी कर्जाला उत्पन्नाप्रमाणे हप्ता नसतो, आणि सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात दहा वर्षं काम केलं की उरलेलं कर्ज माफ होण्याची जी सरकारी सोय आहे, तीही नसते. कर्ज फेडायचं म्हणून मग माणूस शहरातल्या, जास्त पगाराच्या जागी जातो. खेड्यातल्या जागा रिकाम्या राहतात.

खेड्यांसाठीच हे लिहिते आहे, म्हणून एक सकाळ सांगते.

अर्ज करण्याआधी भूल देणाऱ्या नर्सबरोबर एखादा दिवस राहावं लागतं. मला आयोवातल्या एका छोट्या हॉस्पिटलात पाठवलं. जास्तीत जास्त 25 खाटांची मुभा असलेल्या हॉस्पिटलांपैकी ते एक. बाहेर बर्फ, आणि मोठं हॉस्पिटल सव्वा तासावर. पावणेसहाला त्या बाई थिएटरमध्ये होत्या. मशीनला गळती नाही ना ते तपासलं, सक्शन चालू करून नळी उशीखाली सरकवली, औषधं सिरिंजमध्ये भरून प्रत्येकीवर नाव चिकटवलं. पेशंट म्हणजे ब्याऐंशी वर्षांचे शेतकरी आजोबा. गोठ्यापाशी बर्फावर पाय घसरून खुबा मोडलेला. कण्यात सुई द्यायची म्हणून त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा ते दुखण्याने कळवळले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "गाई किती आहेत?" आजोबा गाईंचे आकडे सांगू लागले आणि तेवढ्यात सुई जागेवर गेलीसुद्धा.

पाच मिनिटांनी मॉनिटरवर वरचं प्रेशर एकशेतीसवरून चौऱ्याऐंशीवर आलं. अलार्म वाजायच्या आधी बाईंच्या अंगठ्याने सिरिंज थोडी दाबली होती. एक नजर मॉनिटरवर, एक आजोबांच्या चेहऱ्यावर. प्रेशर चढलं. सर्जनने मान वर केली नाही, करायची गरजच पडली नाही. त्या इमारतीत भूल देऊ शकणारी दुसरी व्यक्ती नव्हती. त्या आजारी पडल्या की ऑपरेशनं पुढे जातात आणि बाळंतपणाला अडलेल्या बाईला अ‍ॅम्ब्युलन्समधून सव्वा तास न्यावं लागतं. त्यांचं वय एकसष्ट. जाताना त्या मला म्हणाल्या, "तू शिकून झालीस की ये. तोवर मी आहे."

आयोवाला हे सगळं जुनं आहे. भूल देणाऱ्या नर्सवर डॉक्टरची देखरेख हवीच, या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या अटीतून बाहेर पडणारं पहिलं राज्य आयोवा, 2001 च्या डिसेंबरात. ज्या हॉस्पिटलात भुलीचे डॉक्टर यायला तयार नाहीत तिथे नर्सवर विश्वास टाकावा लागतो, हे इथल्या सरकारला तेव्हाच कळलं होतं. आणि ज्या कायद्याने आमच्या कर्जाला कात्री लावली, त्याच कायद्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत 50 अब्ज डॉलर ठेवले आहेत. त्या पैशातून थिएटर बांधाल, मशीन आणाल. मशीनच्या डोक्याशी बसणारं माणूस तयार करायला मात्र तीन वर्षं लागतात, आणि नेमकी तीच तीन वर्षं आपण आम्हाला परवडेनाशी करता आहात.

थोडं माझ्या मुलखाचं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल 1894 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर वानलेसांनी उभं केलं. माझ्या आजीचं ऑपरेशन तिथेच झालं, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टरला पाहून मी सातवीत ठरवलं की हेच करायचं. तुमच्या देशातून आमच्याकडे आलेली ही विद्या आहे. ती पुढे शिकायला मी तुमच्या देशात आले, करोनाच्या साथीत इथल्या माणसांना पालथं झोपवून त्यांचे श्वास मोजले. इथे मी परकी आहे असं त्या दिवसांत मला कोणी जाणवू दिलं नाही, आणि आजही वाटत नाही. म्हणून हे घरच्या माणसाला सांगावं तसं सांगते आहे.

माझं मागणं एवढंच. नियम अजून पक्का झालेला नाही. तो पक्का करताना नर्स अ‍ॅनेस्थेशियाची डॉक्टरेट व्यावसायिक पदव्यांच्या यादीत घ्या. सगळ्या नर्सिंगचा प्रश्न मोठा आहे, नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः पेशंट तपासून औषधं लिहून देणाऱ्या नर्स) आणि मिडवाइफ यांचंही म्हणणं ऐकावं असं मला वाटतं. पण त्याला वेळ लागणार असेल, तर निदान ज्या पदवीवाचून कामाचा परवानाच मिळत नाही आणि जी मिळवताना नोकरी करता येत नाही, ती आत्ता घ्या. आपल्याच मान्यतेच्या परिषदेने ती सक्तीची केली आहे, तेवढा आधार पुरेसा आहे. आणि जुन्या-नव्या नियमांची रेघ 30 जूनला न ओढता, ज्यांना त्या तारखेआधी लेखी प्रवेश मिळाला आहे त्यांनाही जुन्या बाजूला घ्यायचा मार्ग असेल तर तो शोधा.

जागा राखून ठेवण्याची रक्कम मी मागच्या आठवड्यात भरली. ती परत मिळत नाही. आपल्या उत्तराची वाट पाहते आहे. इंग्रजी पत्रावर माझा पत्ता आणि फोन नंबर आहे. मी रात्रपाळीत असते, त्यामुळे दुपारी तीननंतर फोन आला तर उचलेन.

आपली नम्र,
आयोवातली एक आयसीयू नर्स