गच्चीवरील इंटरनेटची उपकरणे उतरवण्याआधी मोजणी करून घेण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
पाथर्डी फाटा, नाशिक.

विषय : गच्चीवरील बिनतारी इंटरनेटचे ॲन्टेना पंधरा दिवसांत काढण्याच्या परिपत्रकाचा फेरविचार व्हावा.

माननीय अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सूचनाफलकावर लावलेले परिपत्रक मी दोनदा वाचले. इंटरनेट सारखे बंद पडते ही एक तक्रार आणि गच्चीवरच्या खांबांमुळे सातव्या मजल्यावर ओल येते ही दुसरी, अशा दोन्ही एकत्र करून समितीने सगळे ॲन्टेना उतरवायचे ठरवलेले दिसते. ओलीची तक्रार खरी आहे आणि तिच्याविषयी मी पुढे लिहिणार आहे. मात्र इंटरनेट का बंद पडते हे आजवर कोणी मोजून पाहिलेले नाही, आणि न मोजलेल्या दोषासाठी ब इमारतीतील अठरा कुटुंबांची जोडणी तोडली जावी, हे मला पटत नाही.

मी एकतीस वर्षे टेलिफोनच्या लाइनवर काम केले आहे. उपकरणे बदलली, तरी दोष शोधण्याची रीत बदललेली नाही. लाइनचे तुकडे पाडायचे आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते आधी ठरवायचे. आपल्याकडे असे तीन तुकडे आहेत : घरातील राउटरपासून गच्चीवरील रेडिओपर्यंतची (म्हणजे ॲन्टेनाला जोडलेल्या, सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रापर्यंतची) केबल, त्या रेडिओपासून कंपनीच्या टॉवरपर्यंतचा सुमारे तीन किलोमीटरचा हवेतला टप्पा, आणि टॉवरपासून पुढचे सगळे. कंपनीचा मुलगा तक्रारीवरून आला, तेव्हा त्याच्याजवळ फक्त मोबाइल होता. त्याने हॉलमध्ये वायफायवर वेग मोजला, अ‍ॅडॅप्टर बंद करून पुन्हा चालू केला, ‘पावसामुळे रेंज जाते, काका,’ असे सांगितले आणि तो निघून गेला. हॉलमधल्या वायफायवर मोजलेल्या वेगावरून या तीनपैकी एकाही तुकड्याची परीक्षा होत नाही. आपल्यासारख्या दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी १, ६ आणि ११ अशी तीनच चॅनेल मिळतात आणि शेजारपाजारचे सगळे राउटर तेथेच गर्दी करतात. लॅपटॉप केबलने जोडल्याशिवाय घेतलेल्या आकड्याला म्हणूनच काही अर्थ नसतो.

पावसाचे कारणही मी मान्य करू शकत नाही. डीटीएचची छत्री जोराच्या पावसात बंद पडते, कारण तिचे तरंग सुमारे १२ गिगाहर्ट्‌झचे असतात. आपले रेडिओ ५.८ गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि या तरंगांची तीन किलोमीटरमधली घट नाशिकच्या नेहमीच्या संततधारेत एक डेसिबलसुद्धा, म्हणजे जाणवण्याइतकीही, नसते. तरीही जोडणी पावसातच जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. याचा अर्थ पाणी हवेत नव्हे, तर आपल्या तारेत अडथळा आणत असले पाहिजे.

मी आग्रह धरल्यावर कंपनीने बुधवारी एक अनुभवी तंत्रज्ञ पाठवला. त्यांच्या पिशवीत लॅपटॉप, लॅन टेस्टर, मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड आणि कमरेचा सुरक्षा पट्टा होता, आणि पिशवी उघडताच मला समाधान वाटले. आम्ही दोन तास वर होतो. रेडिओला त्याच केबलमधून वीज पुरवणाऱ्या, लिफ्टच्या खोलीतल्या अ‍ॅडॅप्टरमधून २४ व्होल्ट निघत होते, पण रेडिओ चालू असताना वरच्या टोकाला फक्त १८ भरले. साठ मीटर चांगल्या तांब्याच्या केबलमध्ये दोनेक व्होल्ट पडणे समजण्यासारखे आहे, सहा नाही. केबलमधल्या आठ तारा अखंड आहेत का एवढेच दाखवणाऱ्या लॅन टेस्टरचे आठही दिवे लागले होते, त्यामुळे केवळ टेस्टरवर विसंबून राहिलो असतो तर केबल निर्दोष ठरली असती. मग आम्ही कनेक्टर कापून पाहिला. आत हिरवा गंज होता आणि केबलची तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. केबल वरून थेट कनेक्टरमध्ये उतरवलेली असल्याने पाणी तिच्या अंगावरून घरंगळत आत जात होते. कनेक्टरच्या खाली केबलला एक वळण दिले असते, तर ते पाणी वळणाच्या तळाशी ठिबकून गेले असते. ओल वाढली की व्होल्टेज आणखी घसरते आणि रेडिओ आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्यालाच आपण रेंज जाणे म्हणत आलो आहोत.

दुसरा दोष कोरड्या दिवसांतही वेग मंदावण्याचा आहे आणि त्याची जबाबदारी, मला खेदाने लिहावे लागते, काही अंशी आपल्या संस्थेवर येते. जोडणी केली त्या दिवशी रेडिओवर सिग्नल उणे ५८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) होता, अशी नोंद कंपनीच्या कागदावर आहे. बुधवारी तो उणे ७१ होता. तेरा डेसिबलचा फरक म्हणजे पोचणारी शक्ती जवळजवळ वीसपट कमी. उन्हाळ्यात आपण सौर बंबाची नवी टाकी बसवली, ती ॲन्टेनापासून दहा मीटरवर आहे. ॲन्टेनाशेजारी उभे राहिले की टाकीच्या कडेवरून टॉवरचा माथा दिसतो, म्हणून वाट मोकळी आहे असे कोणालाही वाटेल. परंतु तरंग दोरीसारखे एका रेषेत जात नाहीत. दोन ॲन्टेनांमध्ये ते मध्यभागी फुगलेल्या पट्ट्यातून जातात. तीन किलोमीटरच्या अंतराला मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या सहा मीटरच्या आसपास असते, तर आपल्या ॲन्टेनापासून दहा मीटरवर ती सुमारे सत्तर सेंटिमीटर असते, आणि निदान साठ टक्के त्रिज्या मोकळी असावी लागते. पत्र्याची, पाण्याने भरलेली टाकी नेमकी या पट्ट्यात शिरली आहे. तंत्रज्ञांनी ॲन्टेना हातात धरून खांबापेक्षा मीटरभर उंच नेला, तेव्हा लॅपटॉपवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उणे ६० वर आला. टाकी हलवण्याची काहीच गरज नाही, खांब एक मीटर उंच केला की काम होईल.

त्याच वेळी रेडिओतून परिसरातील चॅनेलची गर्दीही पाहून घेतली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केल्यामुळे कोणालाही तेथे रेडिओ लावता येतो आणि गोंगाट वाढत जातो. सध्या आपले चॅनेल स्वच्छ आहे. जानेवारीतील नायलॉन मांजाची एक गुंतवळ मात्र अजूनही क्लॅम्पला अडकलेली होती, ती मी काढली.

आता ओलीविषयी. पूर्वी खांब उभे करताना स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकले गेले, त्यामुळे वॉटरप्रूफिंगचा थर फाटला आणि सातव्या मजल्यावरील सभासदांना त्याचा त्रास सोसावा लागला. त्यांची नाराजी रास्त आहे आणि भरपाईची मागणी त्यांनी केली, तर माझा पाठिंबा राहील. यावर उपाय म्हणून लोखंडी चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून भोक न पाडता खांब उभा करता येतो. ती चौकट आणि जुनी भोके बुजवण्याचे काम कंपनीने स्वखर्चाने करावे, अशी अट समितीने जरूर घालावी. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि केबलला विजेच्या लोटापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, या गोष्टी तर पहिल्या दिवसापासून असायला हव्या होत्या. अवकाळी पावसात विजा कडाडतात तेव्हा सात मजल्यांवरचा तो उघडा लोखंडी पाइप पाहून मला काळजी वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, परिपत्रकाची अंमलबजावणी एक महिना पुढे ढकलावी. त्या अवधीत कंपनीने केबल बाहेरच्या वापराची, पूर्ण तांब्याची टाकावी, खांब उंच करावा आणि कामाआधीचे व कामानंतरचे व्होल्टेज, सिग्नल आणि केबलने जोडून घेतलेल्या पिंगचे (संदेश जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचे) आकडे लिहून द्यावेत. गच्चीच्या किल्लीसोबत वॉचमनकडे एक वही ठेवावी आणि वर जाणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाने काय मोजले, काय बदलले ते तिच्यात लिहून सही करावी. आज प्रत्येक वेळी नवा मुलगा येतो आणि त्याला मागचे काहीच ठाऊक नसते. सुरक्षा पट्ट्याशिवाय लिफ्टच्या खोलीच्या छतावर कोणालाही चढू देऊ नये, मग तो कितीही घाईत असो. कोणाचा तरी मुलगाच असतो तो.

वही मी आणून देतो. तंत्रज्ञ पुढील रविवारी सकाळी नऊ वाजता येण्यास तयार आहेत. त्या वेळी किल्ली मिळावी आणि समितीतील एका सदस्याने मोजणी पाहण्यासाठी गच्चीवर यावे, एवढे आपण कळवावे.

आपला विश्वासू,
सभासद, ब इमारत

प्रत : माननीय सचिव