सुहासला, ऑपरेशनच्या आधी

सांगली
१२ जून २०२५

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, तू आता ठणठणीत आहेस, मग मीही करून घेऊ का?" मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक उभं होतं. "कर की," एवढं बोलून फोन ठेवला. रात्री झोप लागेना. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या मित्राला पोट कापून घेण्याबद्दल दोन शब्दांत उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो, कारण तेही खरं आहे. जानेवारी २०२२ मध्ये ऑपरेशनला गेलो तेव्हा माझं वजन १२८ किलो होतं. आज ८९ आहे. मध्यंतरी ८४ पर्यंत उतरलं होतं, त्यातलं पाच किलो परत चढलं. दीड-दोन वर्षांनी थोडं परत येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. इन्सुलिन सुटलं. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मास्क लावून झोपायचो, ते मशीन माळ्यावर गेलं. गेल्या डिसेंबरात धाकट्या लेकीबरोबर सज्जनगडाच्या पायऱ्या चढलो, वाटेत दोनदाच टेकलो. वर पोहोचल्यावर तिने माझा हात धरला आणि काहीच बोलली नाही. त्या एका हातासाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

पण तू माझं आजचं रूप बघतोयस. मधले तीन महिने तू पाहिले नाहीस आणि मी ते कुणाला नीट सांगितलेही नाहीत.

माझं ऑपरेशन स्लीव्हचं. जठराचा पाऊण किंवा त्याहूनही जास्त भाग काढून टाकतात, केळ्यासारखी नळी उरते. घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे सुरुवातीला भूक म्हणून लागतच नाही. पहिले पंधरा दिवस फक्त पातळ: पाणी, ताक, गाळलेलं वरण. मग मऊ. स्टीलच्या छोट्या वाटीत मुगाचं वरण घ्यायचं, चहाच्या चमच्याने एकेक घोट, वीस मिनिटं. त्यात एक चमचा जास्त झाला तरी छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं.

चौथ्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. आधी दिवसातून एखादी, मग जे खाईन ते बाहेर. सुहास, इथे माझी चूक झाली आणि तीच तुला सांगायची आहे. मी गप्प बसलो. सुरुवातीला उलटी होते असं ऐकलं होतं, म्हणून वाटलं होईल कमी. शिवाय वजन आठवड्याला तीन-तीन किलो उतरत होतं. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा शेठ, ओळखू येईना!" ते ऐकायला गोड लागत होतं. आणि आईचा ऑपरेशनला विरोध होता. तिच्यासमोर "त्रास होतोय" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मोरीत नळ सोडून उलटी करायचो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मार्च अखेरीस पायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून निसटून पडायची आणि मला कळायचंही नाही. जवळच्या एका दवाखान्यात गेलो, त्यांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं. दोन दिवसांनी पाडवा होता, २ एप्रिल. सकाळी गुढी उभी करताना वर पाहिलं तर दोन तांबे. दोन गाठी. डोळे चोळले, तरी दोनच. काठी बांधायला हात पुढे केला तो भलतीकडेच गेला, आणि मी कठड्याला धरून खाली बसलो. सुलभा धावत आली. तिला वाटलं नवऱ्याला पक्षाघात झाला.

मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने माझ्या पोटावरचे पाच छोटे व्रण पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, किती दिवस उलट्या होताहेत?" मी खरं सांगितलं, दीड महिना. तिने लगेच थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन शिरेतून द्यायला लावलं. नंतर तिने समजावून सांगितलं. या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं पोटात टिकत नसलं की तो संपतो, आणि मेंदू आणि नसा दोन्ही कोलमडतात. ग्लुकोज वापरायला शरीराला हेच थायमिन लागतं. म्हणून थायमिन आधी न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि माणूस जास्त बिघडतो. त्या दवाखान्याला मी ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं, उलट्यांचंही नाही. त्यांना काय दोष देऊ?

दुसऱ्या दिवशी एकाचे दोन दिसणं थांबलं. पायांना मात्र सात-आठ महिने लागले. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. उलट्यांचं कारण दुर्बिणीने कळलं. नळी जिथे वळते तिथे ती अरुंद झाली होती. फुग्याने दोन वेळा रुंद करावी लागली, त्यानंतर घास उतरू लागला. एवढीशी गोष्ट होती. पाचव्या आठवड्यात फोन केला असता तर पाडव्याचा तो दिवस आलाच नसता.

आता तुझ्याबद्दल. तू फोनवर म्हणालास, "तू केलंस तेच करतो." असं करू नकोस. तुला रात्री घशाशी आंबट येतं, उशाला दोन उशा घेतोस, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. स्लीव्हनंतर हे पित्त वर येणं बऱ्याच जणांना वाढतं, काहींना नव्यानेच सुरू होतं. अशा माणसाला सर्जन पुष्कळदा पोटाचं बायपास सुचवतात. त्यात जठराचं अगदी लहानसं, अंड्याएवढं पाकीट करून ते थेट लहान आतड्याला जोडतात. पण त्याची वेगळी किंमत आहे. त्या जोडावर व्रण होऊ शकतो. गुडघ्यांसाठी तू मेडिकलमधून आणतोस त्या दुखण्याच्या गोळ्या आणि तंबाखू, ही दोन्ही त्या व्रणाला आमंत्रण देतात. तुझी पुडी सुटणार नसेल तर आधी ती सोड, मग तारीख घे. शिवाय बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांनीही आतल्या फटीत आतडं अडकू शकतं. अचानक पोटात पीळ पडून दुखायला लागलं की "गॅस असेल" म्हणून घरी पडून राहायचं नाही. आणि गोड पटकन खाल्लं तर छाती धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात. तुझ्या जिलेबीचं काय, ते तूच ठरव.

जीव जाण्याचा धोका अनुभवी हातात हजारात एखाद्याला असा आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशनपेक्षा फार वेगळा नाही. जठर कापून जिथे स्टेपलने बंद करतात, त्या रेषेतून गळती शंभरात एक-दोघांना होते. तिची पहिली खूण बहुतेकदा वेगाने चालणारी नाडी असते. घरी आल्यावर नाडी सव्वाशेच्या आसपास राहिली, ताप आला किंवा डावा खांदा दुखायला लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन. पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला तरीही तेच. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या संध्याकाळपासून चालवतात, पोटात बारीक सुया देतात. कंटाळा करू नकोस.

माझ्या सर्जननी मला स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ माणसांचा त्यांनी माग ठेवला, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांचं नाही. २००७ मध्ये निकाल आला तेव्हा ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू कमी होते. म्हणजे तुला घाबरवायला मी लिहीत नाही. तुझी साखर आणि ते घोरणं बघता, तू काहीच न करणं मला जास्त भीतीचं वाटतं.

फक्त पुढचं आयुष्यभराचं आहे, हे वहिनींना आणि मुलांना बसवून सांग. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, रोज. वर्षातून एकदा तरी रक्त तपासणी, बरं वाटत असलं तरी. तू शाकाहारी, त्यामुळे बी-१२ आणि प्रथिनांचं तुला माझ्याहून जास्त बघावं लागेल. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं म्हणजे काय, ते पनीर, दही, डाळ, सोयाबीन समोर मांडून आहारतज्ज्ञाकडून मोजून घे. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळतील. सुलभा माझ्या उशीवरून गोळा करायची आणि मला दिसू नयेत म्हणून लपवायची. बहुतेक परत आले. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी सहा महिन्यांची गोळी देतात, ती विचार.

शनिवारी सकाळच्या एसटीने सोलापूरला येतोय. तुझे गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट आणि आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ती गुडघ्यांचीसुद्धा, एका पिशवीत घालून ठेव. सर्जनकडे मी बरोबर येईन. मी माझी फाईल आणतो, त्यात पाडव्याच्या दिवसाचा कागदही आहे. तो वहिनींनी वाचावा असं मला वाटतं.

तुझा,
विलास