काका, कार्बाइड टूल शिकवल्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, पेन करणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितोय.

भोसरीत लोखंड कातण्यात तुमची हयात गेली. तरी माझं सागवान आणि अॅक्रिलिक तुम्ही आधी हातात घेऊन पाहिलंत, मगच टूलचा विषय काढलात. सागवानात सिलिका असते, ती हायस्पीड स्टीलच्या टूलची धार बघता बघता खाते, म्हणून त्याहून कठीण असं कार्बाइड. पण कारखान्यातला स्टीलसाठीचा इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला स्क्रूने बसवायचं कार्बाइडचं छोटं पातं, लाकडाला नको, हे तुम्ही बजावलंत. तुटू नये म्हणून त्याची कड मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते. लाकडाला पाजळलेली, तीक्ष्ण कडच हवी.

ब्लँक, म्हणजे पेनसाठी कापलेला चौकोनी तुकडा, गोल करायला चौकोनी इन्सर्ट, तोही कोपरे गोलसर असलेला, कारण टोकदार कोपरा लाकडात रुततो. दांडा आडवा, जमिनीला समांतर, आणि कड बरोबर सेंटरला, म्हणजे फिरणाऱ्या ब्लँकच्या मध्यरेषेला. त्यासाठी टूल टेकवायची पट्टी, म्हणजे टूल रेस्ट, खाली घ्यायची, हात वर उचलायचा नाही. एवढ्या एका गोष्टीने माझ्या टूलची थरथर थांबली!

अॅक्रिलिकचं तर तुमच्यामुळेच जमलं. साध्या इन्सर्टने त्याच्या कपच्या उडत होत्या. तुम्ही नेगेटिव्ह रेकचा, म्हणजे वरूनही उतार दिलेला इन्सर्ट लावलात, हलका कट घेतलात, आणि रिबिनीसारखी लांब चिप सुटू लागली. त्यानंतर पॉलिशपेपरचं काम निम्म्यावर आलं.

आणि ती टूथब्रशची सवय! स्क्रू सैल करून इन्सर्ट फिरवण्याआधी तुम्ही खालची बैठक ब्रशने साफ केलीत. भुसा राहिला तर इन्सर्ट तिरका बसतो आणि स्क्रू आवळताना तडकतो. कार्बाइड कठीण खरं, पण ठिसूळही. म्हणूनच बुशिंगजवळ, म्हणजे ब्लँकच्या टोकांना लावलेल्या स्टीलच्या कड्यांजवळ, आलं की हात आखडता घ्या, स्टीलला कड लागली की ती गेलीच, असं तुम्ही म्हणायचात. आता मी तेच माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगतो, तुमचा दाखला देऊन.

हे ज्ञान तुम्ही एक पैसा न घेता दिलंत, आणि विचारलं तितक्या वेळा दिलंत. फार मोठे उपकार आहेत, काका. पुढच्या खेपेला एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कांडी घेऊन येतोय. तिला कोणता इन्सर्ट लावायचा, ते तुमच्याकडूनच शिकायचंय.

तब्येतीची काळजी घ्या. काकूंना नमस्कार.

आपला नम्र,
पेन कातणारा तुमचा विद्यार्थी