रविवारच्या बैठकीला नकाशे आणताना

सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते १, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरील नेहमीच्या खोलीत बैठक आहे. विषय: कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवणारे नकाशे. सतराव्या शतकात ही चूक इतकी पसरली होती की शेवटी १७४७ मध्ये स्पेनचा राजा सहावा फर्नांडो याला ‘कॅलिफोर्निया बेट नाही’ असा हुकूम काढावा लागला!

बेटवाला नकाशा नसेल तर सोळाव्या शतकातला नकाशाकार ऑर्टेलियस याचा अमेरिकेचा नकाशा आणा. त्यात कॅलिफोर्निया द्वीपकल्पच आहे, तुलनेला बरा. तो छापण्यासाठी एकामागून एक तीन प्लेट्स (कोरलेले तांब्याचे पत्रे) झाल्या. दक्षिण अमेरिकेच्या नैऋत्येला किनाऱ्याचा चुकीचा फुगवटा दिसला तर तुमची प्रत पहिल्या दोनपैकी एका प्लेटची. १५८७ च्या तिसऱ्या प्लेटमध्ये तो काढून टाकला आहे.

कृपया लक्षात ठेवा:
- नकाशा गुंडाळून नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा.
- टेबलावर फक्त पेन्सिल. शाईचे पेन, चहा, कॉफी बाहेर.
- हात धुऊन कोरडे करा, हातमोजे नकोत. त्यांनी कागदाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात.
- भिंग आणा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, मग विक्रेत्याने प्रमाणपत्र दिलेले असो वा नसो.
- फाटलेल्या नकाशाला चिकटपट्टी लावून आणू नका. मागच्या वेळी ती काढताना माझाच जीव गेला.

खरेदी-विक्री बैठकीत नाही. कोणता नकाशा आणणार ते शुक्रवारपर्यंत मला कळवा, टेबले त्याप्रमाणे मांडायची आहेत.

– चिटणीस