गार्ड नसलेल्या ग्राइंडरचे छायाचित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीपूर्वी घराची डागडुजी घरच्या घरी कशी करावी, हे सांगणारा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. लेखाच्या हेतूबद्दल तक्रार नाही. ऐन सणात कारागीर मिळत नाहीत, हे सांगलीत सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु सोबतच्या छायाचित्रातील तरुण ॲल्युमिनियमच्या शिडीवर उभा राहून ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने धातू कापण्या-घासण्याचे हातयंत्र, चालवत आहे, त्या ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक आवरण, काढलेला आहे आणि त्याच्या डोळ्यांवर गॉगलही नाही. असे छायाचित्र रंगीत छापले जाते आणि लेखात त्याविषयी एक ओळही नसते, याचा मला मनस्वी संताप आला.

आयटीआयमध्ये फिटर शाखेत शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, म्हणजे त्याच्या चकतीची कड ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असते. चकती फुटलीच, तर तिचे तुकडे माणसाकडे येऊ नयेत, एवढ्यासाठीच गार्ड असतो. तो काढण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : गार्ड काढला की लहान मशिनवर मोठी चकती बसवता येते. सात इंची चकतीवर साधारण 8,500 फेऱ्यांची मर्यादा स्पष्ट छापलेली असते, पण चकती बसवताना ते अक्षर वाचतो कोण?

गेल्या वर्षी सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी खिडकीची जुनी जाळी कापण्यासाठी एका दुकानातून ग्राइंडर भाड्याने आणला. तो गार्डाशिवायच दिला गेला आणि वर मोठी चकती दुकानदारानेच बसवून दिली. चकती जाळीत अडकली, फुटली आणि तिचा तुकडा मेहुण्यांच्या मनगटात घुसला. मशिनचे बटण सरकवून अडकवण्याचे असल्याने हातातून पडल्यावरही ते जमिनीवर फिरतच राहिले. माझ्या बहिणीने प्लग उपसला म्हणून पुढचे टळले. मिरजेत शस्त्रक्रिया झाली, तरी अंगठा आणि तर्जनी आजही पूर्ण मिटत नाहीत. मेहुणे शिंपी आहेत. त्यांची कात्री आता मुलाच्या हाती गेली आहे. मी दुकानदाराला जाब विचारला, तेव्हा ‘गार्ड लावला तर गिऱ्हाईक मशिन परत आणून देतं’ असे त्याने शांतपणे सांगितले. गार्ड काढलेले मशिन त्यानंतरही त्याच फळीवर दिसत होते.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात फिरत्या यंत्राला संरक्षक आवरण नसेल, तर कायद्यानुसार मालकाला जबाब द्यावा लागतो. तेच यंत्र भाड्याने घरात आले की विचारणारे कोणी उरत नाही. म्हणूनच वर्तमानपत्राची जबाबदारी अधिक आहे, असे मी मानतो. गार्ड नसलेले मशिन भाड्याने घेऊ नका, हे आपण पहिल्या पानावर ठळक छापावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

शिडीबद्दल थोडक्यात लिहितो. ग्राइंडर दोन्ही हातांनी धरायचा असतो. मग शिडी धरायला हात उरतच नाही, त्यामुळे ते काम शिडीवर करूच नये. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाया दर चार फूट उंचीला एक फूट बाहेर असावा आणि गुळगुळीत फरशीवर खाली कोणीतरी ती धरून उभे राहावे. आकाशकंदील टांगताना सज्जाजवळून विजेची तार जात असेल, तर तेथे ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नये. लाकडी, पूर्ण कोरडी शिडी घ्यावी आणि तारेपासून तरीही लांब राहावे.

जाता जाता आणखी एक तक्रार नोंदवतो. थ्री पिन प्लगची वरची जाड पिन मोडून तो टू पिन बोर्डात बसवून देणारे कारागीर आपल्या शहरात सर्रास आढळतात. ती पिन अर्थिंगची आहे. धातूची बॉडी असलेल्या जुन्या ड्रिल मशिनची ती पिन तोडली आणि आत वायर सैल झाली, तर 230 व्होल्टचा प्रवाह मशिन धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीत उतरतो. घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, असेल, तर तो क्षणात वीज तोडतो. मात्र जुन्या वाड्यांत आणि चाळींत तो क्वचितच दिसतो. पुढील रविवारी याच पुरवणीत त्याविषयी एखाद्या जाणकार वायरमनकडून सविस्तर लिहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त निदेशक, विश्रामबाग, सांगली