रविवारी वरळीचं तारांगण: मुलांसह या

सभासदहो, येत्या रविवारी आपण वरळीच्या नेहरू तारांगणात जातोय. सकाळी साडेनऊला महालक्ष्मी स्टेशनबाहेर जमायचं. तारांगणात घुमटावर रात्रीचं आकाश दाखवतात; त्याचे मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे वेगवेगळे खेळ असतात, आपण मराठीच पाहू. आजी-आजोबांनाही प्रत्येक शब्द कळला पाहिजे. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.

उशीर मात्र नको. खेळ सुरू झाल्यावर दार उघडलं, की बाहेरचा उजेड आत येतो. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ती मेहनत वाया जाते. म्हणून आत मोबाइल खिशातच ठेवा, चमकणारे बूटही मुलांना घालू नका. अंधाराला घाबरणाऱ्या लहानग्यांना घेऊन कडेच्या खुर्चीवर बसा आणि काय होणार ते आधी सांगून ठेवा: "आता सूर्य मावळेल, मग चांदण्या येतील." एवढ्यानं मुलं शांत बसतात, असा माझा अनुभव आहे.

हे तारांगण १९७७ साली सुरू झालं. आपल्यातले कितीतरी जण शाळेच्या सहलीत तिथे गेले असतील. मुंबईच्या झगमगाटात आकाशगंगेचा पट्टा दिसतच नाही, तो मुलांनी निदान घुमटावर तरी डोळे भरून पाहावा.

जाण्याआधी घरी मृग नक्षत्र आणि व्याधाचा तारा ही नावं सांगा. मृगाच्या पोटातल्या एका ओळीतल्या तीन चांदण्या मुलं लगेच ओळखतात.